पोळीला आठवड्यातून तीन दिवस रजा




या अंकासाठी आम्ही तिमाही परीक्षेच्या तयारीवर चार शब्द लिहायचे ठरवले होते. पण गेल्या आठवड्यात मराठीच्या बाईंनी इयत्ता पाचवीच्या वह्यांचा गठ्ठा आमच्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाल्या, "सर, एकदा वाचाच." विषय अगदी साधा होता : 'आमच्या घरचे रात्रीचे जेवण'. दहा ओळी लिहायच्या होत्या.

मुलांनी मोकळेपणाने लिहिले होते. कोणी टीव्हीसमोर जेवते, कोणी आजीच्या खोलीत. कोणाचे बाबा दुकान बंद करून दहा वाजता येतात आणि एकटे जेवतात. कोणी आठवड्यातून दोनदा पाकिटातले नूडल्स खाते, कारण क्लासहून यायला उशीर होतो. हे वाचून आम्हाला फारसे नवल वाटले नाही. पण एका मुलीने लिहिले होते की, आम्ही जेवतो तेव्हा आई गरम पोळ्या करत असते. आई कधी जेवते ते मी पाहिले नाही.

तक्रारीचा सूर नव्हता. शाळेला किती वाजता सुट्टी होते हे सांगावे तसे तिने ते सांगितले होते. वही खाली ठेवली आणि आमच्या लक्षात आले, की आमच्या घरीही गेली पंचवीस वर्षे हेच चालले आहे. आमच्या सौ. बँकेत नोकरी करतात. सायंकाळी सहा-सव्वासहाला घरी येतात. आम्ही ताटावर बसतो, तव्यावरून फुगलेला फुलका थेट ताटात येतो, आम्ही "वा" म्हणतो आणि पुढच्याची वाट पाहतो. सर्वांचे आटोपले की त्या शेवटी बसतात, आणि तोवर आम्ही उठून बातम्या लावलेल्या असतात. पाचवीतल्या मुलीला जे दिसले ते प्राचार्य म्हणवणाऱ्या माणसाला दिसू नये, याची लाज वाटली. म्हणून हा लेख.

आमची सूचना थोडक्यात अशी आहे. सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांपैकी तीन रात्री घरात पोळी करू नये. त्या रात्री एकाच भांड्यात होणारे, ज्याची तयारी आधी करून ठेवता येते असे जेवण करावे, आणि घरातल्या सर्वांनी, स्वयंपाक करणारीसह, एकाच वेळी बसून जेवावे.

आमचा विषय गणित, त्यामुळे आधी हिशेब मांडतो. चार माणसांच्या घरात प्रत्येकी चार म्हणजे सोळा पोळ्या. लाटणे, भाजणे, फुगवणे मिळून एका पोळीला दोन मिनिटे धरली तरी बत्तीस मिनिटे झाली. कणीक मळणे, भाजी, वरण, ओटा पुसणे यात धरलेलेच नाही. तीन रात्रींची मिळून शहाण्णव मिनिटे, म्हणजे दीड तासाहून जास्त. नोकरी करणाऱ्या बाईच्या आठवड्यातला हा दीड तास कुणी हिशेबातच घेत नाही. आणि ज्या बायका नोकरी करत नाहीत त्यांचेही पाय दुखतातच.

आता कोणी म्हणेल, सर, मग काय रोज खिचडी? खिचडी तर आजाऱ्याचे जेवण. हा आक्षेप आम्ही आमच्या आतेबहिणीकडून, शेजाऱ्यांकडून आणि स्टाफरूममध्येही ऐकला. इतिहास मात्र वेगळे सांगतो. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने लिहून ठेवले आहे, की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून त्यावर तूप घालून सकाळी खातात. अकबराच्या काळी अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त खिचडीचे प्रमाण दिले आहे : तांदूळ, डाळ आणि तूप तिन्ही सारखे. एवढे तूप आपल्याला झेपणार नाही ही गोष्ट वेगळी, पण बादशहाच्या मुदपाकखान्यात शिजणाऱ्या पदार्थाला आजाऱ्याचे जेवण कसे म्हणायचे? 2017 साली दिल्लीला एका खाद्य महोत्सवात 918 किलो खिचडी एका कढईत शिजवून विश्वविक्रम केला गेला, तोही काही रुग्णांसाठी नव्हता. आपल्या इंदुरात तर राजवाड्याजवळ लोक साबुदाण्याची खिचडी रांगेत उभे राहून खातात. मग डाळ-तांदळाच्या खिचडीनेच काय पाप केले?

आहाराच्या दृष्टीनेही हे जेवण उणे नाही. तांदूळ आणि गहू यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यात मिळते. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. मुगाच्या डाळीत शंभर ग्रॅमला सुमारे चोवीस ग्रॅम प्रथिने असतात. यात दोन वाट्या भाजी पडली, वर चमचाभर तूप आणि बाजूला ताक किंवा काकडीची कोशिंबीर असली, की वाढत्या मुलाच्या रात्रीच्या जेवणात आणखी फार काही लागत नाही. फक्त एक पथ्य आहे : डाळ कंजुषीने घालू नये. पिवळ्या भाताला खिचडी म्हणण्याची सवय काही घरांत आहे, त्याने पोट भरते पण दोन तासांनी मूल पुन्हा डबे उघडू लागते.

आता तीन रात्रींचे वेळापत्रक देतो. प्रमाणे चार माणसांची आहेत आणि वाटी म्हणजे घरातली आमटीची नेहमीची वाटी. आम्ही ही तिन्ही स्वतः करून पाहिली आहेत. पहिल्या सोमवारी खिचडी कुकरच्या तळाला अशी लागली, की कुकर दोन दिवस भिजत पडला होता. पाणी कमी पडले होते, दुसरे काही नाही. दुसऱ्या खेपेला जमली.

सोमवार : मुगाची खिचडी. तांदूळ दीड वाटी, सालीची मूगडाळ एक वाटी, चिरलेल्या भाज्या दोन वाट्या. ज्या ऋतूत जी स्वस्त ती भाजी : दुधी, गाजर, फ्लॉवर, मटार, पालक. रविवारी डाळ-तांदूळ निवडून, मोजून डब्यात भरून ठेवावेत. आले, मिरची, जिरे यांचा ठेचा करून फ्रिजमध्ये ठेवला की आठवडाभर पुरतो. सोमवारी सकाळी घरातून निघताना डाळ-तांदूळ धुवून पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवावेत. बाहेर ठेवू नयेत, आपल्याकडच्या उन्हाळ्यात सायंकाळपर्यंत वास येतो. संध्याकाळी कुकरमध्येच तेलाची फोडणी करावी : मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता, हळद. त्यात ठेचा, भाज्या, निथळलेले डाळ-तांदूळ परतून सात ते आठ वाट्या पाणी आणि मीठ घालावे. तीन शिट्ट्या आणि नंतर बारीक गॅसवर पाच मिनिटे. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये, डाळ फेसाळून शिट्टीत अडकते. वाफ आपोआप जिरू द्यावी. तेवढ्यात मुलांनी ताटे घ्यावीत, काकडी चिरावी.

बुधवार : वरणफळे. काही घरांत याला चकोल्या म्हणतात. आमचे बडोद्याचे नातेवाईक गुजराती शेजाऱ्यांसारखे डाळ-ढोकळी म्हणतात. तुरीची डाळ एक वाटी सकाळच्या कुकरमध्येच शिजवून घ्यावी आणि गार होताच फ्रिजमध्ये ठेवावी. सकाळी डब्याच्या पोळ्यांची कणीक मळताना दोन वाट्या कणीक जास्त मळावी, तीही फ्रिजमध्ये. रात्री मोठ्या पातेल्यात फोडणी देऊन डाळ घोटून घालावी. आमसूल किंवा चिंच, गुळाचा खडा, गोडा मसाला, तिखट, मीठ आणि पाणी घालून सात-आठ वाट्या पातळ आमटी करावी. तिला खळखळून उकळी आली पाहिजे. मग चार-पाच जाडसर पोळ्या लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावेत आणि एकेक करून सोडावेत. सगळे एकदम टाकले तर गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत फळे शिजतात. इथे पोळी लाटायची आहे, पण भाजायची नाही आणि सोळा वेळा तर मुळीच नाही. कापण्याचे काम तिसरी-चौथीतले मूलसुद्धा करू शकते. आकार चुकला तरी चव चुकत नाही.

शुक्रवार : दलियाची खिचडी. गव्हाबाबत माळवा नशीबवान आहे. दीड वाटी जाड दलिया रविवारीच थोड्या तुपावर तांबूस भाजून, गार करून डब्यात भरावा. पाऊण वाटी मूगडाळ, मटार, टोमॅटो, कांदा. यात अर्धी वाटी सोयाबडी घालावी. दहा मिनिटे गरम पाण्यात भिजवून, पिळून, दोन तुकडे करून. सोयाबीनवर संशोधन करणारी देशातली मुख्य संस्था आपल्या इंदुरात आहे, सभोवती सगळीकडे सोयाबीनची शेते आहेत, पण आपल्या मराठी घरांत सोयाबडी अजून पाहुण्यासारखीच येते. कोरड्या बडीत निम्मे वजन प्रथिनांचे असते आणि किंमत पनीरच्या मानाने फारच कमी. पाणी आठ-नऊ वाट्या, तीन शिट्ट्या. ज्यांच्या घरी साखरेचा त्रास असलेले आजी-आजोबा आहेत, ज्यांना डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला आहे, त्यांच्यासाठी पहिल्या दोन वारांतही हीच खिचडी करता येईल, डाळ व भाज्यांचे प्रमाण वाढवून.

खर्चाचे आकडे आम्ही मुद्दाम देत नाही, कारण अंक तुमच्या हाती पडेपर्यंत टोमॅटोचा भाव बदललेला असेल. पण एक अंदाज प्रत्येकाने घरी करून पाहावा. मोबाइलवरून एका माणसाचे जेवण मागवले तर जे पैसे जातात, त्यात वरीलपैकी कोणतेही जेवण अख्ख्या घराला होते आणि उरते. गॅसही वाचतो. कुकर बंद झाला की आतल्या दाबामुळे पाणी शंभरऐवजी सुमारे एकशेवीस अंशांवर उकळते, त्यामुळे डाळ लवकर शिजते. हे आपल्या नववीतल्या मुलांना प्रयोगशाळेत शिकवतात. घरच्या कुकरपाशी उभे करून त्यांनाच कारण विचारावे, उत्तर आले नाही तर आम्हाला कळवावे.

आधी करून ठेवण्याबाबत एक सावधगिरी. तयारी करून ठेवणे आणि शिळे खाणे यांत फरक आहे. शिजवलेली डाळ किंवा भात ओट्यावर दिवसभर ठेवू नये. दोन तासांच्या आत, आणि मे-जूनच्या उन्हात तासाभरातच, फ्रिजमध्ये जावे आणि खाण्यापूर्वी वाफ येईपर्यंत पुरते गरम व्हावे. भातात राहणाऱ्या एका जंतूचे बीज शिजवण्यानेही मरत नाही. भात तासन्‌तास उबेत राहिला तर ते वाढते आणि त्याचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करून मुलांच्या डब्यात देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. भात रात्रीच फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तरच ती पाळावी.

आता आक्षेपांकडे वळतो. पालकसभेत ही सूचना तोंडी मांडली तेव्हा तीन आक्षेप आले.

पहिला, "आमच्या यांना पोळीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही." हे खरे आहे, आम्हालाही पहिले दोन आठवडे वाटले नाही. पण सवय ही गोष्ट सवयीनेच जाते. शिवाय सकाळच्या डब्यात पोळी आहे, मंगळवारी-गुरुवारी रात्री आहे, शनिवारी-रविवारी आहे. आम्ही रजा मागतो आहोत, राजीनामा नाही. रविवारी दाल-बाफले करा, सणाला पुरणपोळी करा, आम्हालाही बोलवा.

दुसरा आक्षेप एका आजींचा. त्या म्हणाल्या, "आम्ही जन्मभर चुलीपुढे उभ्या राहिलो, आता सुनांना तीन दिवसांची सुट्टी?" सभेत हशा झाला. पण सभा संपल्यावर त्या आमच्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी असं बोललं असतं तर बरं झालं असतं." त्यांना आमचा नमस्कार.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, आणि तो एका आईचा होता. "रविवारी निवडणं, भाजणं, ठेचा करणं मलाच करायचं असेल, तर आठवड्याचं काम रविवारी ढकलल्यासारखं झालं. माझी सुट्टी गेली." हे अगदी योग्य बोलणे आहे. ही योजना घरातल्या एकाच माणसावर टाकली तर तिचा काही उपयोग नाही. म्हणून वाटणी करावी. धान्य निवडणे आणि मोजून भरणे हे मुलांचे. भाजणे, ठेचा हे वडिलांचे. सोमवारी सकाळी डाळ-तांदूळ भिजत घालणे ज्याला शेवटी घरातून निघायचे आहे त्याचे. एका भांड्याच्या जेवणाचा मोठा गुण असा, की ते ज्याला स्वयंपाक येत नाही त्यालाही येते. फुलका फुगवायला वर्षे लागतात. वाटीने मोजून कुकर लावायला एक संध्याकाळ पुरते, आमच्यासारख्याला दोन.

एक गोष्ट मात्र पुरुषांना सांगितली पाहिजे. खिचडीबरोबर कढी हवीच, पापड तळलेलाच हवा, बटाट्याची काचरी असती तर बहार आली असती, असे म्हणू नये. कढी म्हटले की दुसरे भांडे आले, पापड म्हटले की तिसरे. मग पोळ्याच काय वाईट होत्या?

आता जे आम्हाला मुळात सांगायचे आहे ते सांगतो. वाचलेल्या अर्ध्या तासाचे करायचे काय?

आमचे सर्व शिक्षण पहिलीपासून पदवीपर्यंत हिंदी माध्यमात झाले. या लेखातही कुठे हिंदी डोकावली असेल तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे. मराठी वाचायला आम्ही बरेच उशिरा शिकलो. मग मराठी आली कुठून? वडील कापड गिरणीत होते, आई घरी लोकांचे कपडे शिवत असे. 1970च्या दशकातली गोष्ट. घरात बुराद्याची सिगडी होती. आई दुपारी चार वाजता ती ठासून भरायची, पेटवायची, वर पातेले चढवायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. खिचडी, वरणफळे, कधी ज्वारीच्या कण्या. साडेसातला वडील आले की पातेले मधोमध येई आणि भोवती आम्ही पाचजण. आईला उठायचे कारणच नसे, सगळे समोर होते. त्या अर्ध्या-पाऊण तासात गिरणीतल्या गोष्टी, गावाकडची पत्रे, आजोबांच्या वेळचे किस्से, कुणाचे लग्न ठरले, कुणाचे मोडले, सगळे मराठीत. शाळेत, गल्लीत, बाजारात हिंदी, पातेल्याभोवती मराठी. आज आम्ही तुमच्याशी जी भाषा बोलतो ती तिथे शिकलो.

आई पोळ्या करत उभी असती तर? ती घरात असती, पण बोलण्यात नसती. आणि आमच्या घरात भाषा तिच्याकडे होती.

आज वर्गात आम्ही ऐकतो. मूल म्हणते, "मी खाना खाऊन आलो." जेवलो हा शब्द त्याला ठाऊक आहे, पण तोंडात बसलेला नाही. डाळ शिजली म्हणण्याऐवजी गळली म्हणतात, तेही ठीक आहे, इंदूरची मराठी अशीच आहे, आम्हीही गळली म्हणतो. "भूक लागून राहिली आहे" हे पुण्याच्या पाहुण्याला ऐकून हसू येते, आम्हाला ते आपल्या माणसाचे बोलणे वाटते. काळजी अशुद्ध बोलण्याची नाही. काळजी याची आहे, की उतू जाणे, मुरणे, खमंग, चरचरीत, लागणे, निवणे हे शब्द मुलाने ऐकलेच नाहीत. हे शब्द आम्ही फळ्यावर लिहून शिकवू शकतो, पण मूल ते परीक्षेपुरते पाठ करील. "अगं, खाली लागली का बघ" हे घाईघाईने ओरडलेले वाक्य ज्याने ऐकले त्याला लागणे या क्रियापदाचा तो अर्थ जन्मात शिकवावा लागत नाही.

होळकरांच्या काळापासून मराठी माणसे या शहरात राहत आहेत. नाटके होतात, गणपती बसतात, व्याख्यानमाला होतात, आणि त्या सर्वांबद्दल आम्हाला अभिमान आहे. आपली शाळाही त्यातच मोडते. पण व्याख्यानमालेत मूल तोंड उघडत नाही, ऐकते आणि कंटाळते. भाषा बोलल्याने राहते, आणि बोलायला समोर माणूस लागतो, ज्याला घाई नाही असा. आठवड्याला तीन तासिका मराठीच्या आम्ही देतो. तीन रात्री तुम्ही द्या. आठवड्यातून सहा वेळा मराठी झाली.

जी घरे मराठी नाहीत, ज्यांची मुले आपल्या शाळेत विश्वासाने येतात, त्यांनाही आमचे हेच सांगणे आहे. माळवी असो, सिंधी असो, गुजराती असो, ताटाभोवतीची भाषा मुलाला मिळू द्या. ती आली की मराठी, इंग्रजी शिकवणे आम्हाला सोपे जाते.

आमच्या घरी हा प्रयोग सुरू होऊन दोन महिने होत आले. सगळे काही छान झाले असे सांगणार नाही. एका बुधवारी फळांचा लगदा झाला, एका शुक्रवारी सगळेच उशिरा आले आणि ज्याने त्याने आपापले वाढून घेतले. चिरंजीवांनी दोनदा बाहेरून काहीतरी मागवले. पण मागच्या सोमवारी आम्ही चौघे बसलो असताना सौ.नी त्यांच्या बँकेतली एक गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता त्या मध्येच थांबल्या. आम्ही विचारले, काय झाले? म्हणाल्या, "काही नाही. पूर्ण गोष्ट ऐकून घेण्याइतका वेळ कोणी बसत नसे, म्हणून मी नेहमी थोडक्यात सांगायचे. आज लांबवली तरी चालेल ना?" आमच्या मुलीने त्यांच्या ताटात आणखी एक डाव खिचडी वाढली.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर मराठीच्या बाई पाचवीला पुन्हा तोच विषय देणार आहेत. मुलांना ते सांगितलेले नाही, तुम्हीही सांगू नये. त्या मुलीची वही आम्ही आधी उघडणार आहोत. आपल्या घरची वही कशी असावी, हे प्रत्येकाने येत्या सोमवारी सकाळी, डाळ-तांदूळ भिजत घालताना ठरवावे.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य